फाटक बंद ठेवण्यात आले

आमच्या मजल्यावर लिफ्टसमोर राहणाऱ्या बाई ऑस्ट्रेलियाच्या आहेत, असे माझ्या बायकोने नागपूरच्या बहिणीला फोनवर सांगितले. बहिणीने लगेच क्रिकेटचा विषय काढला. त्याच आठवड्यात बाईंची लिफ्टमध्ये गाठ पडली. बाहेर बर्फ पडत होता. बायकोने विचारले, तुमच्या देशात आता मस्त उन्हाळा असेल ना? बाई म्हणाल्या, "आमच्याकडे डोंगर आहेत, बर्फ आहे आणि गरजेपेक्षा जास्त इतिहास आहे. कांगारू नाहीत."

ऑस्ट्रिया आणि ऑस्ट्रेलिया यांची ही गल्लत मला नवी नव्हती. पुण्याच्या एका मराठी दैनिकात मी आंतरराष्ट्रीय पानावर उपसंपादक होतो. क्रिकेटच्या मोसमात आमच्या छापलेल्या पानावर ऑस्ट्रिया एखादा सामना तरी हमखास जिंकायचा. खऱ्या ऑस्ट्रियाची बातमी क्वचित येई. कुठे हिमकडा कोसळला, कुठे निवडणूक झाली, व्हिएन्नात तिसऱ्याच कोणा दोन देशांची बोलणी फिसकटली. पानाच्या तळाशी चार ओळींची जागा उरली की ती भरायला हा देश बरा पडे.

टोरांटोजवळच्या मिसिसागातल्या या इमारतीत आम्ही आलो ते मुलगी जवळच वॉनला राहते म्हणून. बाई आमच्या आधीपासून होत्या. वय नव्वदीच्या जवळ. लग्नानंतर तरुणपणीच कॅनडात आलेल्या, नवरा जाऊन बराच काळ झालेला. मुलगा ओकव्हिलला, नोकरी टोरांटोत. रविवारी आईची ग्रोसरी घेऊन येई. त्याची मुलगी माँट्रियलला विद्यापीठात शिकत होती.

ही नात फोनवर आजीला ओमा म्हणे. बायकोला ते बाईंचे नाव वाटले. वयाचा मान राखून तिने पुढे ताई जोडले. ओमा म्हणजे जर्मनमध्ये आजी, हे आम्हाला हिवाळा संपता संपता कळले. म्हणजे आपण त्यांना इतके दिवस आजीताई म्हणत होतो, असे मी म्हणालो.

"असू दे हो," बायको म्हणाली, "आता तोंडात बसलंय."

ओमाताईंची हरकत नव्हती. दुपारी त्या आमच्याकडे येत किंवा आम्ही त्यांच्याकडे जात असू. बायको थालीपीठ नेई. त्या पातळ घावनांत जर्दाळूचा जॅम भरून देत. "हे तर आपलं घावनच," बायको मला मराठीत म्हणाली, "यांनी त्याचं पुरणाशी लग्न लावलंय." मी भाषांतर केले. पुरण म्हणजे काय, हे समजावण्यात कॉफी गार झाली.

आमचे बोलणे इंग्रजीत चाले. इथे ते मराठीत देतो आहे.

युरोपाबद्दल माझी माहिती बातम्यांच्या चौकटीतली होती. ओमाताई ती एका घरावरून सांगत. व्हिएन्नापासून दूर, नदीकाठच्या एका गावाबाहेर रेल्वेचे फाटक होते आणि फाटकाला लागून गेटमनचे छोटे घर. त्यांचे आजोबा त्या फाटकावर होते, नंतर वडील.

"आजोबा साम्राज्यात जन्मले," त्या एकदा म्हणाल्या. "मोठं साम्राज्य. अर्ध्या युरोपाचं लग्न कोणाशी आणि भांडण कोणाशी, ते व्हिएन्नात ठरायचं. आजोबा फाटक खाली करायचे आणि म्हणायचे, बादशहाची गाडी चालली. मग बादशहाच्या वारसाला गोळी घातली, महायुद्ध झालं, ते हरलो, साम्राज्य मोडलं. मधला छोटा तुकडा उरला. हा तुकडा टिकेल असं त्यात राहणाऱ्यांनाही वाटत नव्हतं. मी त्या तुकड्यात जन्मले. मी दोन वर्षांची असताना जर्मनीचं सैन्य आत आलं आणि तो तुकडाही नकाशावरून गेला. घर तिथंच होतं. फाटक तिथंच होतं."

त्या घटनेला आम्ही मराठीत विलीनीकरण लिहीत असू, हे मी सांगितले. आमच्याकडे संस्थाने भारतात आली त्यालाही हाच शब्द. त्यांनी अर्थ विचारला. मी म्हणालो, विरघळून एक होणे, दुधात साखर विरघळते तसे.

"साखर!" ओमाताई हसल्या. "लोक चौकात उभे राहून हात वर करत होते, फुलं टाकत होते. साखर असं करते का?"

त्यानंतर काही दिवसांनी बायकोकडून एक गोष्ट झाली. चूक म्हणावी का, हे अजून ठरवता येत नाही. आपल्या घरांत शिस्तीच्या माणसाला एक नाव चिकटवतात. कडक मुख्याध्यापक, जाचक सासू, दिवे बंद करत फिरणारा बाप, सगळ्यांना तेच नाव. ते ऑस्ट्रियात जन्मलेल्या आणि जर्मनीचा हुकूमशहा झालेल्या माणसाचे आहे. घरोघरी ते थट्टेत वापरतात. ते त्या माणसाचे आहे याची आठवणही कोणाला नसते. मी बायकोला बूट ट्रेमध्येच ठेवायला सांगत होतो. ती ओमाताईंकडे वळून लाडाने म्हणाली, "बघितलंत? आमच्या घरचा..." आणि तिने ते नाव घेतले.

ओमाताईंनी कप खाली ठेवला. रागावल्या नाहीत. तुमच्याकडे असं म्हणतात का, असे विचारले. बायकोने हो म्हटले. मग तिचा चेहरा उतरला. ती माझ्याकडे पाहू लागली.

"आमच्या घरात ते नाव कधीच घेतलं नाही," ओमाताई म्हणाल्या. "युद्ध चालू असताना भीतीने. युद्धानंतर, ते नाव कोणाला माहीतच नव्हतं अशा थाटात."

त्या दिवशी त्यांनी फाटकाची गोष्ट सांगितली. युद्धाचा शेवटचा वसंत. हार दिसत होती. पूर्वेकडे खंदक खणायला नेलेल्या ज्यू माणसांना रस्त्याने चालवत पश्चिमेच्या छळछावणीकडे हाकलत होते. ओमाताई तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. त्या खिडकीत होत्या. माणसांची रांग फाटकापाशी पोचली आणि गाडीची वेळ झाली. वडिलांनी हँडल फिरवून फाटक खाली केले. रांग थांबली. गाडी गेली.

वडिलांनी फाटक उघडले नाही.

पहारेकरी येऊन ओरडला. वडिलांनी भिंतीवरच्या फोनकडे बोट दाखवले, म्हणजे अजून एक गाडी येत होती. रांगेतली माणसे रस्त्यावर बसली. काहींनी कडेचे गवत उपटून तोंडात घातले. आई स्वयंपाकघरात उभी होती, तिच्यापुढे उकडलेल्या बटाट्यांचे पातेले होते. तिने ते उचलले, दारापर्यंत नेले आणि परत आणून ठेवले. बराच वेळ गेला. पहारेकरी पुन्हा ओरडला, तेव्हा वडिलांनी हँडल फिरवले. फाटक वर गेले. बसलेल्यांतले सगळे उठू शकले नाहीत. जे उठले नाहीत त्यांच्यासाठी पहारेकरी मागे थांबले. आईने खिडकी लावून घेतली. आवाज तरीही आले.

"दुसरी गाडी आली का?" मी विचारले.

"मला दुसरी गाडी आठवत नाही," ओमाताई म्हणाल्या. "सगळं आयुष्य आठवून पाहिलं. त्यांना बसायला मिळावं म्हणून त्याने फाटक बंद ठेवलं असेल. किंवा खरंच फोन आला असेल. किंवा तो नुसता घाबरला असेल आणि त्याचा हात हलला नसेल. पण त्याने लगेच उघडलं असतं तर ते बसले नसते. बसले नसते तर उठावं लागलं नसतं." त्या पुढे म्हणाल्या, "त्याने कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही. नंतर त्याच फाटकातून रशियन फौजा आल्या. तोच त्यांच्यासाठी फाटक उघडत होता."

बायकोने ओमाताईंच्या हातावर हात ठेवला.

हे त्यांनी आजवर घरात सांगितले नव्हते. नवऱ्याला अर्धे माहीत होते. मुलाला एवढेच, की आमच्या घरावरून माणसं नेली गेली. आता नातीने विचारले होते. ती पुढच्या वर्षी एका सत्रासाठी व्हिएन्नाला शिकायला जाणार होती, तो फाटकाचा रस्ता पाहून येणार होती, आणि तिने फोनवर सरळ विचारले होते, ओमा, तुझे वडील युद्धात काय करत होते?

"तू वर्तमानपत्रातला आहेस," ओमाताई मला म्हणाल्या. "कोणाची बाजू न घेता लिहायची तुला सवय. मला एक वाक्य दे. खरं. माझ्या वडिलांबद्दल. ती ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला येईल तेव्हा मी तिला ते सांगेन." मग त्यांनी बजावले, "मी सांगेन. तू नाही. शेजाऱ्याकडून कळलं, असं नको."

इथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगावी लागेल. मराठी बातमीत करणाऱ्याला झाकण्याची उत्तम सोय आहे. लाठीमार करण्यात आला. झोपड्या हटवण्यात आल्या. चौकशीचे आदेश देण्यात आले. वाक्य पूर्ण असते, व्याकरण बिनचूक असते, फक्त त्यात माणूस नसतो. आमचे मुख्य उपसंपादक असे वाक्य दिसले की समासात लाल पेनने एकच शब्द लिहीत: कोणी? बातमीदाराला उत्तर देता आले तर वाक्य बदले. नाही आले तर बहुतेक वेळा, पान छपाईला सोडायची घाई असल्यामुळे, तसेच छापले जाई.

हे मी ओमाताईंना समजावले. त्या खुर्चीत पुढे सरकल्या.

"युद्धानंतर आमचा सगळा देश असाच बोलायचा," त्या म्हणाल्या. "आम्हाला गिळलं गेलं. आम्हाला भरती केलं गेलं. माणसं नेली गेली. युद्ध चालू असताना मोठ्या राष्ट्रांनीच लिहून दिलं होतं की ऑस्ट्रिया हा पहिला बळी. आम्ही ते वाक्य फ्रेम करून भिंतीवर लावलं. त्यात आमच्याही लोकांचा हात होता, हे आमच्या सरकारने संसदेत म्हणायला माझे केस पांढरे व्हावे लागले. मी तेव्हा इथं होते, भांडी घासत होते." त्यांनी तो मराठी शब्द दोनदा म्हणून पाहिला. त्यांच्या जिभेवर त्याचा 'कोनी' झाला.

त्यानंतर तो त्यांचा खेळच झाला. रविवारी मुलगा म्हणाला, मॉम, स्टोव्ह चालू राहिला होता. ओमाताई म्हणाल्या, "कोनी?" मुलाला कळेना. त्या स्वतःच म्हणाल्या, "मी!" आणि हसल्या. मुलगा हसला नाही. इमारतीचा फायर अलार्म त्या महिन्यात दुसऱ्यांदा वाजला होता आणि सगळे भाडेकरू कोट घालून रस्त्यावर उभे राहिले होते.

वाक्यावर आम्ही बरेच दिवस घालवले. माझी पहिली वाक्ये बातमीसारखी होती, दोन्ही बाजू देणारी. त्या ऐकून नकारार्थी मान हलवत. एकदा मी दयेचा शब्द घातला. त्या म्हणाल्या, "हे तुला माहीत आहे का?" मी तो काढला. भीतीचा घातला. तोही काढला. शेवटी जे उरले ते असे: माझ्या वडिलांनी फाटक बंद ठेवलं. का, ते मला माहीत नाही.

"एवढंच?" बायको म्हणाली. "तीस वर्षं पेपरात काढली आणि एवढंच?"

"एवढंच खरं आहे," मी म्हणालो.

ओमाताईंनी ते पाठ करायला घेतले. पाठ करण्याची गरज होती, कारण त्यांची इंग्रजी गळू लागली होती. डॉक्टरांनी मुलाला सांगितले होते की स्मृती जाते तेव्हा नंतर शिकलेली भाषा आधी जाते. वसंतात वस्तूंची नावे अडायची. केटलला त्या 'ते गरम' म्हणत. उन्हाळ्यात अर्धे वाक्य जर्मनमध्ये जाऊ लागले, तेही गावाकडच्या बोलीत. आमच्या स्वयंपाकघरात बसून त्या वाक्याची उजळणी करत, बायको शाळेतल्या बाईंसारखी समोर बसे. 'माय फादर केप्ट द गेट क्लोज्ड.' चांगल्या दिवशी दोन्ही वाक्ये यायची. पुढे दुसरे वाक्य गेले. बायकोने ते पुन्हा पुन्हा सांगितले, ते राहिले नाही. मग एका दुपारी त्या म्हणाल्या, 'द गेट वॉज क्लोज्ड.'

बायकोने माझ्याकडे पाहिले. मी ओमाताईंना हळूच विचारले, "कोणी?"

त्यांनी टेबलावर हात ठेवून हँडल फिरवल्यासारखा गोल फिरवला. शब्द आला नाही.

मी तेव्हाच मुलाशी बोललो. गोष्ट सांगितली नाही. एवढेच म्हणालो, तुमच्या आईला तुमच्या मुलीला काही सांगायचे आहे, तिला थँक्सगिव्हिंगची वाट न पाहता बोलवा. तो सभ्य माणूस होता. थकलेला होता. पार्किंगमध्ये, गाडीचे दार उघडे ठेवून, त्याने ऐकून घेतले.

"तिच्या परीक्षा आहेत," तो म्हणाला. "आणि तुम्हाला खरं सांगतो, आईकडे सांगण्यासारखं असतं तर तिने मला सांगितलं असतं. तुम्ही तिला त्या जुन्या गोष्टी आठवायला लावता, मग रात्री ती मला फोन करते आणि जर्मनमध्ये रडते. मला जर्मन येत नाही. तिनेच शिकवलं नाही."

मी बाजूला झालो, त्याने गाडी काढली.

नात ऑक्टोबरमध्ये थँक्सगिव्हिंगलाच आली. ओमाताईंनी सकाळीच केस विंचरून घेतले होते. आम्हाला बोलावले होते. टर्की मुलाने ओकव्हिलहून तयार आणली होती. जेवण झाल्यावर नात आजीच्या पायाशी गालिच्यावर बसली. ओमाताईंनी तिचा हात धरला आणि बोलायला सुरुवात केली. त्या सलग बोलल्या. मधेमधे थांबल्या, हात गोल फिरवला, खिडकी लावल्याची खूण केली. सगळे त्यांच्या गावच्या बोलीत होते. मला नदी आणि फाटक एवढे दोन शब्द ओळखू आले, तेही आधी ऐकलेले म्हणून. नात विद्यापीठात जर्मन शिकली होती. तिचे ओठ हलत होते, ती शब्द पकडायला पाहत होती. मुलगा भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता.

ओमाताईंचे बोलणे संपले. त्या मागे टेकल्या. चेहरा मोकळा दिसला. आपण सांगितले, असे त्यांना वाटत होते.

नात आमच्यामागे कॉरिडॉरमध्ये आली. "मला ट्रेन कळली," ती म्हणाली. "आणि बटाटे. बाकी काही नाही. ती माझ्याशी कधीच असं बोलली नाही. तुम्हाला माहीत आहे का, ती काय सांगत होती?"

बायको मराठीत म्हणाली, "सांगा ना हो."

मी म्हणालो, "त्यांनी सांगू नका म्हटलंय."

"तेव्हा त्या सांगू शकत होत्या. आता कोण सांगणार?"

नात आळीपाळीने आमच्या तोंडांकडे पाहत होती. मी तिला इंग्रजीत सांगितले की आजीला जमेल तेव्हा पुन्हा विचार, हळूहळू विचार. ती म्हणाली, "ती आता पुन्हा सांगू शकणार नाही, हो ना?" तिने मान हलवली आणि आत गेली. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

मी दिलेला शब्द पाळला, एवढेच म्हणता येईल. ही गोष्ट मी मराठीत लिहितो आहे. जिने वाचायला हवी तिला ही भाषा येत नाही.

ओमाताईंना नोव्हेंबरमध्ये हलवले. केअर होममध्ये जागा झाल्याचा फोन मुलाला अचानक आला होता. उत्तर त्याच दिवशी द्यायचे होते, आणि दिल्यावर ताबा लगेच घ्यायचा होता. विंटर टायर लावायला गाडी दिलेली असल्यामुळे तो उशिरा पोचला. नात माँट्रियलहून आली होती. सामान नेताना इमारतीची माणसे लिफ्ट किल्लीने थोडा वेळ मजल्यावर अडवून देतात, तशी सोय त्यांनी मागितली नव्हती, म्हणून मुलाने मला दार धरून ठेवायला सांगितले. मी लिफ्टमध्ये उभे राहून बटण दाबून धरले. आधी खोकी गेली, मग दिवा, मग घावनांचा तवा. बायकोने आमच्या दारातूनच पाहिले. ती बाहेर आली नाही.

शेवटी व्हीलचेअरमध्ये ओमाताई आल्या. अंगावर कोट, मांडीवर पर्स. लिफ्टच्या उंबऱ्याशी त्यांनी दोन्ही हातांनी चाके धरली. खुर्ची थांबली.

मुलगा वाकून म्हणाला, "इट्स ऑल बीन टेकन केअर ऑफ, मॉम. एव्हरीथिंग्ज बीन अरेंज्ड."

ओमाताईंनी मान वर केली. त्यांनी मुलाकडे पाहिले नाही. माझ्याकडे पाहिले, माझ्या बटणावरच्या बोटाकडे पाहिले.

"कोनी?" त्या म्हणाल्या.

मुलाने सवयीने मान हलवली. नातीने मला विचारले, "हे ती सारखं म्हणते. हा कोणता शब्द? जर्मन नाही हा."

"मराठी आहे," मी म्हणालो. "हे कोणी केलं, असं विचारतात त्या."

"काय कोणी केलं?"

तिने आता आजीला विचारले होते, मला नाही. ती खुर्चीसमोर गुडघ्यावर बसली, आपल्या पुस्तकी जर्मनमध्ये तेच पुन्हा म्हणाली. ओमाताईंनी चाकांवरचा एक हात काढला आणि हवेत गोल फिरवू लागल्या. नात त्या हाताकडे पाहत होती. लिफ्टचे दार खूप वेळ उघडे राहिल्यामुळे वाजू लागले. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडले. मुलाने मला म्हटले, "प्लीज."

नातीने हळूच दुसरा हातही चाकावरून सोडवला आणि खुर्ची आत घेतली. मी बटणावर बोट ठेवूनच उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले. बटण सोडले.

दार मी बंद केले.